डाव्या हाताची बाई

बालवर्गाच्या बाई डावखुऱ्या नव्हत्या. तरी घरात त्यांचं नाव ‘डावरी’ पडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. वर्गात मुलांना जे काही करायला द्यायचं, ते त्या आदल्या संध्याकाळी डाव्या हाताने करून बघत. मण्यांत दोरा घालणं असो, पाणी ओतणं असो की कागद कापणं. त्यांचं म्हणणं असं, की आपला डावा हात जितका अडाणी, तितकेच चार वर्षांच्या पोराचे दोन्ही हात अडाणी. डाव्या हाताला रडू आलं, की तो बेत रद्द.

सासूबाई म्हणत, “उजवा हात काय माहेरी ठेवून आलीस?” नवरा शिंपी. त्याच्या दुकानातली उरलेली बटणं याच कामी यायची, त्यामुळे तो बिचारा चिडवायचा जरा बेतानेच.

या पद्धतीने वर्गातली सगळी पोरं रमली, एक सोडून. ती मुलगी शाळेत आल्यापासून कपाटाच्या कडेला बसायची ती सुटेपर्यंत. काही हातात घेत नव्हती, बोलत नव्हती, नुसती टकमक बघायची. मुलांनी तिचं नावच टकमक ठेवलं होतं. बाईंनी मणी दिले, माती दिली, रंग दिले. पोरीने कशालाही बोट लावलं नाही.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, “सोमवारी तिचे वडील येणार आहेत. पोर इथं काहीच करत नसेल तर आजीजवळ घरीच ठेवतो, म्हणाले.”

बाईंचं काळीज चरकलं. पण त्यांचा स्वभाव मुळात चौकस. रडत बसण्यापेक्षा घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघावं, असं त्यांना वाटलं. ही पोर सारखी बघते, ते खरं. पण बघते काय?

शाळा सुटल्यावर त्या पदर खोचून कपाटाच्या कडेला, तिच्याच जागी, फरशीवर बसल्या. शिपाई झाडू घेऊन आला तो दारातच थबकला. “बाई, चक्कर आली का?”

“नाही हो. तुम्ही झाडा तिकडून.”

तिथून मुलांच्या सतरंज्या दिसतच नव्हत्या, कपाट आड येत होतं. मुलं काय करतात, ते त्या पोरीला कधी दिसलंच नव्हतं. दिसत होतं एकच, खिडकीखालचं टेबल. सकाळी वर्ग भरण्याआधी बाई त्या टेबलाशी ताटल्या मांडायच्या आणि सगळं पुन्हा एकदा डाव्या हाताने करून बघायच्या. आणि टकमकची आई कामावर लवकर जाते म्हणून ही पोर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! बाईंना स्वतःचं हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. इतक्या दिवसांत आपण पोरीला चार ठिकाणी हलवायला बघितलं, पण तिच्या जागी एकदाही बसलो नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी टेबलावर काहीच मांडलं नाही. बटणांचा डबा, रिकाम्या ताटल्या, वाट्या आणि छोटे चिमटे ठेवले. सगळं टेबलाशेजारच्या बुटक्या बाकावर, पोरीचा हात पोचेल असं. मग “अगबाई, फडकं धुवायचं राहिलं,” असं मोठ्याने म्हणून त्या बाहेर गेल्या.

फडकं आधीच स्वच्छ होतं, तरी त्यांनी ते भरपूर पिळलं. परत येतात तो टकमकचे वडील दाराशी उभे. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

आत पोर कामाला लागली होती. प्रत्येक ताटलीत मूठभर बटणं, उजवीकडे वाटी, वाटीत चिमटा. अगदी बाईंसारखं. एक ताटली वाकडी झाली, ती तिने मागे सरकून बघितली आणि सरळ केली. मग बाईंकडे वळली.

“बाई, आता तुम्ही करून बघा.” आणि त्यांनी उजवा हात पुढे करताच म्हणाली, “तो नाही. तो दुसरा.”

तिचा आवाज बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. डोळे भरून आले. डाव्या हातातल्या चिमट्यातून बटण निसटलं आणि टणटणत फरशीवर गेलं.

“असू दे,” टकमक म्हणाली. “घाई नाही. पुन्हा करा.”

हे तर बाईंचंच बोलणं. निसटलेल्या प्रत्येक बटणाला त्या रोज स्वतःशी हेच पुटपुटत.

टकमकने दुसरी ताटली उचलली आणि वडिलांपुढे ठेवली. “बाबा, तुम्हीपण.” एवढा दांडगा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन चिमुकल्या बाकावर बसला. डाव्या हाताने बटणं उचलताना त्याला घाम फुटला.

मोठ्या बाई आल्या. “मग? नेताय का मुलीला घरी?”

त्याने मान वर केली नाही. “जरा थांबा हो,” तो म्हणाला. “माझी वाटी अजून भरायचीय.”