चर्चमधला प्रसाद

मंडळी, आज मावशीबरोबर, ती परदेशात राहते त्या शॉमबर्गहून, बायबलमधल्या प्राचीन जागांच्या प्रतिकृती बघायला गेले होते. शेवटी तिथल्या चर्चमध्ये रांगेत सगळ्यांना पातळ पोळीसारखा तुकडा देत होते. प्रसाद नाकारायचा नाही, हे आईनं मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलंय. मी उजवा हात पुढे केला आणि तुकडा घरच्यांसाठी टिश्यूत गुंडाळला.

तिथल्या एका आजोबांनी लगेच अडवलं. "तो इथेच खावा लागतो, आणि तोही फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिश्चनांनी. तुझा बाप्तिस्मा झालाय ना?"

दोन्हीकडे बाकं, मागे रांग. खाल्ला तर खोटेपणा, परत दिला तर प्रसादाचा अपमान.

मावशी कुजबुजली, "हो म्हण आणि टाक तोंडात! पार्किंग संपतंय."

"नाही झाला," मी म्हटलं.

आजोबांनी तुकडा अलगद घेतला आणि स्वतः खाल्ला. मी सुटले, पण प्रसाद परत केल्याची रुखरुख जात नाहीये.

तुम्ही 'हो' म्हणाला असता का?