फोडणी बंद झाली आणि काकू गेल्या

हसू नका, आधीच सांगून ठेवते. मुलीची सोयरीक जमवताना एखादी बाई घाबरून चहात साखर विसरेल, फार तर भजी करपवेल. मी काय केलं? चांगलं धडधाकट माणूस मारलं!

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांच्या छातीत एकदा कळ आली. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तेल-तूप, मीठ कमी करा. भाजीपाला खा, तंबाखू सोडा, सकाळी पायी फिरा." साधं सांगणं. पण मी पडले भाविक बाई! डॉक्टर म्हणाले कमी, मी म्हटलं बंदच. तेलाचा डबा माळ्यावर टाकला. उकडलेली डाळ, उकडलेली भाजी, कोरडी भाकरी. शेवेच्या भाजीवर बोटभर तर्री लागणारा माणूस ताटाकडे बघून नुसता उसासे टाकायचा.

"अगं, थोडं जिरं तरी तडतडू दे."

"जिरं आलं की तेल आलं. जीव मोठा की जिरं?"

अशात भडगावचे पाहुणे सुपारी फोडायला यायचं ठरलं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या, म्हणजे अक्का. आमच्या मंदाच्या मनात मुलगा भरला होता. तोंडानं बोलली नाही, पण सकाळपासून तीच साडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. मी ठरवलं, ह्यांच्या दुखण्याचं अवाक्षर काढायचं नाही. बाप आजारी म्हटल्यावर पाहुणे बिचकतात. आणि ह्यांच्याच ताटात वेगळं वाढलं तर बिंग फुटेल. मग काय? सगळ्यांनाच बिनफोडणीचं!

ताटं वाढली. ह्यांनी डाळीकडे बघितलं, पिशवी उचलली आणि "कोपऱ्यावरून शेव आणतो" म्हणून सटकले.

अक्कांनी एक घास घेतला. हात थांबला. मग त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मलाच भरून आलं.

"काय व बहीण, घरमा सुतक शे का?"

आता आमच्याकडे माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत घरात फोडणी पडत नाही. लहान पोराला ठाऊक असतं हे. मला, एवढा संसार केलेल्या बाईला, ते तेव्हा आठवलं!

खरं सांगावं तर ह्यांचं दुखणं बाहेर येतं. आणि तोंडातून काय निघावं?

"हो."

"कोन गयं?"

"ह्यांच्या... यावलच्या काकू."

काकूच का? देव जाणे. लांब राहतात, येणं-जाणं कमी. सोयीच्या वाटल्या असतील!

मुलाच्या वडिलांनी ताट बाजूला सारलं. "म्हणजे सुतकाच्या घरात आम्हाला सुपारीला बोलावलं? वर जेवायलाही वाढलं?"

"लांबच्या होत्या हो."

"काकू लांबनी?" अक्का कडाडल्या. "चाला भाऊ, उठा. घर जाईसन आंघोय करनी पडी."

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुसती माझ्याकडे बघत होती. ती नजर आजही आठवली की माझी मान खाली जाते.

पाहुणे चपला शोधताहेत तोच दार उघडलं. हे! एका हातात शेवेचा पुडा, दुसऱ्या हातात केळीची फणी.

"कोण भेटलं बघा रिक्षातून उतरताना! मीच गुपचूप निरोप धाडला होता, म्हटलं घरातलं मोठं माणूस हवं. ह्या आमच्या यावलच्या काकू!"

अक्कांच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

"निघाले कुठे सगळे?" काकू म्हणाल्या. "मी आली ना आता!"

मग मी पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. छातीची कळ, माळ्यावरचा डबा, मारलेल्या काकू, सगळं. जमीन दुभंगली असती तर आनंदानं आत गेले असते.

काकूंनी कमरेवर हात ठेवला. "अवं, मले मारलं? बागेतले केळीचे घड तरी उतरू द्यायचे होते!"

आधी मुलाच्या वडिलांना हसू फुटलं. "अहो विहीणबाई, खरं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? मलाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय. आमच्याकडे फोडणी पडते, पण चमच्यानं."

विहीणबाई! मंदानं ते ऐकलं आणि पटकन आत पळाली.

काकूंनी डबा खाली काढायला लावला. चमचाभर तेलात लसूण, जिरं, मिरची. घरभर वास सुटला, पाहुणे पुन्हा पाटावर बसले आणि ह्यांनी तर डाळ वाटी तोंडाला लावून प्यायली.

सुपारी फुटली. पण उठताना अक्कांनी एकच अट घातली. "मानपान काही नको. लग्नमा तुम्ही चूलपाशी येवानं नही, बस!"

लग्नात आळीतल्या बायका कौतुकानं म्हणत होत्या, "काय सासर मिळालं मंदाला! तिच्या आईला कामाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

मी नवी साडी सावरत खुर्चीवर बसले होते. आचाऱ्याच्या वाटेवर अक्का स्वतः पहाऱ्याला बसल्यात, हे त्या बायकांना कोणत्या तोंडानं सांगू?