कुंडीचं वजन

गॅलरीतल्या कुंडीत मातीखेरीज काही दिसत नाही. आत कळलावीचा कंद आहे, माझ्याकडचा एकुलता एक. पावसाळ्यात त्याला ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुलं आली. दिवाळीनंतर वेल वाळला आणि कंद झोपला. आता वैशाख सरत आला तरी कोंब नाही. पाणी घालावं तर तो कुजेल, न घालावं तर सुकेल. उकरून पाहावं, तर टोकाला कोंबाचा डोळा एकच असतो. तो मोडला की संपलं.

म्हणून मी कुंडी रोज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतो. वजन थोडं थोडं उतरतंय. पण उतरतंय ते मातीतलं पाणी की कंदाचा जीव, हे काटा सांगत नाही.

"विषारी कंद तो, माझ्या काट्यावर नको," बायको म्हणाली. "झोप लागली का, असं विचारून माणसाला उठवणारे तुम्ही. आपली मंजू तान्ही होती तेव्हा तिच्या नाकाशी बोट धरून बसायचात."

खरं आहे. आकडा हाती आला की माझी भीती जरा ओसरते. पण आत काही जिवंत आहे की नाही, याचा आकडा कुठून आणावा?

आज काटा तिला परत दिला. कुंडीत हळूच बोट घातलं, तर टोकाला काहीतरी टणक लागलं. खडा की कंद, हे कळायला आणखी थोडं दाबावं लागलं असतं. मी बोट काढून घेतलं.