कूलरसमोरची वकिली

नागपूरच्या कोर्टात आजवर जेवढे वकील होऊन गेले, त्या सगळ्यांचा संशय एका पारड्यात घातला आणि दुसऱ्यात एकटे आमचे सीनियर बसवले, तर सीनियरांचं पारडं जमिनीला टेकेल. आणि टेकल्यावर ते खाली वाकून आधी विचारतील, तराजू कोणी लावला होता? मी त्यांच्याकडे लागले तेव्हा काळा कोट घालणाऱ्या आम्ही बायका सबंध कोर्टात बोटांवर मोजण्याइतक्या. ज्युनियर म्हणून घ्याल का, हे विचारायला गेले, तर माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, आई आणि मी. "आई विचारते का, आज ऑफिसात काय झालं म्हणून?" "विचारते, पण तिला ऐकू येत नाही. बहिरी आहे." साहेबांचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. "उद्यापासून ये," म्हणाले. लोकांना पहिल्या वर्गाची पदवी वकिलीत आणते, मला आईच्या कानांनी आणलं.

त्यांचा पहिला शत्रू कार्बन पेपर. आपण टाइप झालेल्या प्रती मोजून घेतो आणि मधला काळा कागद टोपलीत टाकतो, याला ते आत्महत्या म्हणत. "त्या कागदात अख्खा दावा उलटा लिहून असतो बाई. आरशासमोर धरला की झालं, समोरच्याले आपली फाइल मिळाली!" म्हणून दिवसभराचे वापरलेले कार्बन ते मोजून पिशवीत घालून घरी नेत आणि सकाळी पाण्याच्या बंबात जाळत. अशिलांच्या गुपितांवर तापलेल्या पाण्यानं आंघोळ करणारा हा एकमेव वकील मी पाहिला. पुढे त्यांना टायपिस्टचाही संशय आला, कारण टायपिस्टला डोळे असतात. मग त्यांनी कोर्टाच्या आवारातले तीन टायपिस्ट धरले आणि प्रत्येक नोटिशीची पानं तिघांत वाटायला सुरुवात केली. पहिलं पान एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, म्हणजे पूर्ण गोष्ट कोणालाच कळायला नको. ती पूर्ण गोष्ट एकदा आम्हालाही कळली नाही. घरमालकाची नोटीस आणि एका नवऱ्याची नोटीस एकाच दिवशी निघाल्या, पानं बदलली, आणि महाल पेठेतल्या एका सज्जन भाडेकरूला रजिस्टर पोस्टानं कळवण्यात आलं, की आपण मालकाची परवानगी न घेता पडवीवर पत्रे टाकले आहेत, तरी पंधरा दिवसांच्या आत दागिन्यांसह नांदायला यावे. भाडेकरूचं उत्तर वकिलामार्फत आलं. त्याची तयारी नव्हती.

टेलिफोन आला तो त्यांच्या छातीवरच आला. कन्हानला त्यांचा एक अशील होता, कोळशाच्या खाणीतला ठेकेदार. त्याला तारीख कळवायची तर ट्रंककॉल लावावा लागे, आणि मध्ये एक्स्चेंजमधली बाई! साहेबांनी त्यावर गुप्त भाषा काढली. खटला म्हणजे मुंज, न्यायाधीश म्हणजे भटजी, विरुद्ध पक्ष म्हणजे मामा. "भटजी रजेवर गेले, मुंज पुढं ढकलली," असं ते रिसीव्हरला हाताचा आडोसा करून ओरडत. असं पाच वर्षं चाललं. एक दिवस ते "मामा आजारी आहे, मुंज आता उन्हाळ्यानंतर" असं सांगत असताना मधूनच बाईचा आवाज आला. तो इतका खणखणीत होता, की टेबलाच्या या बाजूला मलाही ऐकू आला. "काका, मधात बोलून राहिले, माफ करा. पण पाच वर्षांपासून ऐकून राहिले मी. आता त्या पोराचं सरळ लग्नच करून टाका ना!" साहेबांनी फोन ठेवला. चेहरा पांढरा, पण डोळ्यांत विजय. "ऐकलंस? मी काय म्हणत होतो?" त्यानंतर कन्हानची प्रत्येक तारीख सांगायला ते स्वतः बसनं गेले.

मग कोणाच्या तरी खटल्यात टेपवरचं बोलणं कोर्टात वाजवलं गेलं आणि आमच्या ऑफिसातली उरलीसुरली शांतता संपली. त्या आठवड्यापासून अशिलाशी होणारं प्रत्येक बोलणं कूलरसमोर. आमचा कूलर म्हणजे लोखंडी पेटारा. सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून दाराशी जायचं. त्याच्या तोंडासमोर दोन खुर्च्या, एकीवर अशील, एकीवर साहेब, दोघांच्या अंगावर कूलरमधल्या गवताच्या काड्या. कोणाला काही टेप करता येत नव्हतं हे खरं, पण आम्हालाही काही ऐकू येत नव्हतं. मे महिन्यात लोक आनंदानं यायचे, काही तर दोन-दोनदा यायचे. पण साहेबांनी डिसेंबरातही कूलर बंद केला नाही. मफलर गुंडाळलेला एक म्हातारा कुडकुडत म्हणाला, "साहेब, थंडी वाजून राहिली जी." साहेब म्हणाले, "वाजू द्या. कोर्टात घाम फुटण्यापेक्षा बरी."

हसायचं तेवढं हसून घ्या. मीही बाररूममध्ये सगळ्यांना हसवून सांगायची. पण त्यांच्या ऑफिसातून कोणत्याही अशिलाची एकही गोष्ट बाहेर गेली नाही, आणि हे म्हणू शकेल असा दुसरा वकील मला अजून भेटलेला नाही. मुंबईहून आलेला एक तरणा वकील एकदा चहा पिताना सांगत होता, की पुढे सगळे खटले कॉम्प्युटरमध्ये राहणार, कपाटं लागणारच नाहीत. सगळे अवाक होऊन ऐकत होते. साहेबांनी बशी खाली ठेवून एवढंच विचारलं, "बरं. मग किल्ली कोणाकडे?" तो तरणा हसला, आम्हीही हसलो. आज माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांपुढे तोच प्रश्न सकाळ-संध्याकाळ विचारायला एक शिकलेला माणूस ठेवावा लागला आहे.

कोर्टाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा साहेब तीन दिवस समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहून ते बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. काचेखालून जो उजेड जातो तो आपलं अक्षर घेऊन जातो. जाताना दिसतो, परत आलेला कोणी पाहिला का? आणि काचेवर त्याची छाप राहत नाही हे कशावरून? आपल्या ऑफिसाचा कागद त्या काचेवर पडणार नाही, अशी त्यांनी मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली. पुढे मोडली ती पार्वताबाईंपायी.

पार्वताबाई कोष्टी, लुगडी विणणाऱ्या घरातल्या. नवरा गेला, माग बंद पडला, राहिल्या दोन खोल्या आणि त्यातल्या एकीत मागाचा खड्डा. दिरानं दावा लावला, की वाटणी कधी झालीच नाही, घर माझंही आहे. वाटणी झाली होती, आणि झालेल्या वाटणीची यादी एका जुन्या कागदावर होती. घर थोरल्याला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, दुकान धाकट्याला, खाली दोघा भावांच्या सह्या. साक्षीदार दोघेही वारलेले. तो एक कागद म्हणजे त्या बाईचं घर. त्यांनी तो लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणला आणि साहेबांच्या हातात दिला. "माह्यापाशी उंदीर खातीन. तुमच्यापाशीच राहू द्या." कोर्टात मूळ कागद आत्ताच दाखल करू, असं मी सुचवून पाहिलं. साहेब म्हणाले, "उंदीर रेकॉर्डरूममध्येही आहेत, आणि तिथले सगळेच चार पायांचे नाहीत." पुराव्याच्या दिवशी काढू, असं ठरलं.

आता एक सांगायला मला जड जातं. त्या वर्षी साहेब विसरायला लागले होते. एकच गोष्ट मला दोनदा सांगायचे. एकदा कोटाखाली घरच्या स्लिपरा घालून कोर्टात आले. आणि तरीही, का त्यामुळेच, तो कागद ते दर शनिवारी नव्या जागी लपवायचे. मी पाहत होते आणि बोलायची छाती होत नव्हती. एका शनिवारी त्यांची कंबर धरली, म्हणून कागद ऑफिसातून घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. "छातीशी धरून ने, वाटेत कोणाशी बोलू नको." मी कोणाशी बोलले नाही. झेरॉक्सच्या दुकानात शिरले, कागद स्वतः काचेवर ठेवला, स्वतः उचलला, एक प्रत काढली आणि घरी आईच्या ट्रंकेत वर्तमानपत्राखाली ठेवली. नंतर आठ दिवस त्यांच्याकडे मान वर करून बघायची मला लाज वाटत होती.

पुराव्याच्या तारखेला चार दिवस उरले आणि कागद सापडेना. आम्ही ऑफिसातलं कपाट उपसलं, मग साहेबांच्या घरी गणपतीच्या तसबिरीची पाठ उचकटली, बाजाच्या पेटीचा भाता उघडला. साहेबांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, डाळीचे डबे एकेक करून परातीत रिकामे केले. "मले सवय आहे वं," त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून डाळ काढताना मी आधी कागद चाचपते." कागद सोडून सगळं सापडलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका सापडली, कपाटाच्या तीन हरवलेल्या किल्ल्या सापडल्या, एका दिवंगत अशिलाची दातांची कवळी सापडली, ती का ठेवली होती हे कोणालाच आठवेना. तिसऱ्या दिवशी साहेब डाळीच्या परातीशेजारी जमिनीवर बसले. "मी कुठं ठेवला गं?" मला विचारत होते. त्यांनी मला काही विचारावं आणि त्यामागे संशय नसावा, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मला रडू आलं.

पार्वताबाईंना बोलावून घेतलं. साहेबांनी कूलर लावला नाही. सरळ सांगितलं, "बाई, तुमचा कागद माझ्या हातून हरवला." त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, दुकान, काच, आईची ट्रंक, सगळं. साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, गेली माझी वकिली. ते म्हणाले, "किती प्रती काढल्या?" "एक." "दुकानदाराच्या हातात दिला होता कागद?" "नाही." "काच पुसलीस?" "पदरानं पुसली." "हं," म्हणाले, आणि लिहायला कागद मागितला.

मूळ कागद हरवला हे शपथेवर शाबीत केलं, तर प्रत पुराव्यात घेता येते. प्रश्न एवढाच, की कोणाच्या हातून हरवला म्हणायचं. अशिलाच्या नावावर घालणं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत, कोणी विचारत नाही. पार्वताबाईंनाही ते समजलं. "माह्याच हातून हरपला म्हनीन ना मी. मले कोन काय म्हनते साहेब? तुमचं नाव काहून खराब करता?" साहेब मान वर न करता म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे दिला होता." आणि स्वतःच्या नावानं शपथपत्र लिहिलं. साक्षीदार झाल्यावर वकील म्हणून उभं राहता येत नाही, म्हणून वकीलपत्र सोडलं, आणि फाइल दोऱ्यासकट बाररूममधल्या एका स्नेह्याच्या हातात दिली. देताना हात थोडा वेळ फाइलवरच राहिला होता.

माझी साक्ष आधी झाली, मग मी बाकावर बसून त्यांची ऐकली. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला त्या दिवशी पोळ्याचा सण होता. "एवढे सावध वकील आपण. कागद कुठे ठेवला होता?" "सुरक्षित जागी." "कोणत्या?" "आठवत नाही." कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचे कारकूनसुद्धा हसले. "म्हणजे आपली स्मरणशक्ती कमी झाली आहे, असं म्हणायचं का?" साहेब कठड्याला धरून उभे होते. "हो. कमी झाली आहे," म्हणाले. मग कोणी हसलं नाही. त्या वकिलानं माझ्याकडे बोट केलं. "या बाईंनी शपथ मोडून, तुम्हाला चोरून कागद बाहेर नेला, प्रत काढून लपवून ठेवली. यांच्यावर कोर्टानं विश्वास का ठेवावा?" "तिनं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," साहेब म्हणाले, "आणि आज पार्वताबाईंचं घर गेलं असतं. मी ठेवतो तिच्यावर विश्वास. कोर्टानं काय ते ठरवावं."

कोर्टानं प्रत पुराव्यात घेतली. घर पार्वताबाईंकडे राहिलं. साहेबांनी त्यानंतर नवं वकीलपत्र घेतलं नाही. दुपारी ओसरीवर बसून असत, आणि मी गेले की कोर्टात कोण कोणाशी बोलत उभं होतं ते बारकाईनं विचारत. पुढे पुढे ते विचारणंही थांबलं, मग तेही गेले. तो मूळ कागद आजतागायत सापडलेला नाही. त्यांच्या त्या जबाबाची नक्कल मात्र मी रीतसर अर्ज करून काढून घेतली. ती मी फार जपून ठेवली आहे. आणि कुठे ठेवली आहे, ते दोघांना सांगून ठेवलं आहे.