कोरियन पौर्णिमेची कुस्ती

आमच्या हिच्या मामांइतका सभ्य पैलवान बहारीनच्या वाळूत त्यांच्याआधी उतरला नव्हता आणि पुढेही उतरणार नाही, हे मी शपथेवर सांगेन. सभ्य म्हणजे किती, तर आमच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं की मामा आधी जमिनीवर पाय आपटून त्याला सावध करायचे आणि मग चप्पल उचलायचे. त्यांच्या हातून एकही झुरळ कधी मेलं नाही. ही कुरकुरली की म्हणायचे, "बेसावधाला मारणं आपल्याला जमायचं न्हाई, पोरी. त्यो वळून बघू दे, मग बघतो त्याच्याकडं." कोल्हापूरकडच्या तालमीत वस्तादांनी त्यांना शिकवलं होतं की हात मिळवल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. मामांनी ते आखाड्यापुरतं ठेवलं नाही. न्हाव्यापुढे मान देण्याआधी ते त्याच्याशी हात मिळवत. दाताच्या डॉक्टरांशी हात मिळवून, "हं, आता उपटा," म्हणत. एकदा सिग्नल तोडला म्हणून पोलिसाने अडवलं, तर खाली उतरून त्याच्याशी इतका मनापासून हात मिळवला की तो बिचारा आपण कशासाठी थांबवलं तेच विसरला.

मामा नर्सेसची बस चालवत. राहण्याच्या जागेपासून सलमानियाच्या हॉस्पिटलपर्यंत आणि परत. रोज पहाटे ते बसपुढची धूळ कपाळाला लावत, मांडीवर खणखणीत शड्डू ठोकत आणि मग किल्ली फिरवत. केरळच्या त्या नर्सेसची समजूत अशी झाली होती की शड्डू हा इंजिनाचाच भाग आहे. मामांना एकदा ताप आला, बदली ड्रायव्हरने नुसतीच किल्ली फिरवून बस सुरू केली, तर दोघी जणी घाबरून खाली उतरल्या.

त्यांचं एकच दुःख होतं, बहारीनला माती नाही. मग त्यांनी आखाडा केला. सखीरच्या बाजूला आज गाड्यांच्या शर्यती होतात, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटाला तिथे वाळवंट आणि वारा याशिवाय काही नव्हतं. तिथली बारीक वाळू पोत्यांनी आणून त्यांनी खोलीमागे हौदा भरला. त्यात ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून ते दोन संध्याकाळी ती वाळू तुडवत होते. घरमालक, एक वयस्क बहारीनी गृहस्थ, गच्चीवरून हे सारं पाहत होते. शेवटी त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, "ये खायेगा कब?"

हौद्याच्या भिंतीपलीकडे बंदराचं काम करणाऱ्या कोरियन कंपनीचा कॅम्प होता. एका संध्याकाळी भिंतीवरून एक कोरियन वेल्डर डोकावला. मामा जोर मारत होते. तो सरळ भिंत चढून आत आला, वाळू चिमटीत घेऊन हुंगली आणि मामांच्या शेजारी तोही जोर मारू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यातून आंबवलेल्या कोबीचं लालभडक लोणचं आणलं. मामांनी घास घेतला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि ते गहिवरून म्हणाले, "जावईबापू, हा माणूस आपल्याच तालुक्यातला हाय." दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. यल्ला म्हणजे सुरू आणि खलास म्हणजे पुरे, या दोन अरबी शब्दांवर त्यांची मैत्री धो धो वाहत होती. कुस्ती मात्र ते कधी खेळले नाहीत. मित्राशी खेळायची तर ढोल लावून, चार माणसांत, असं मामांचं मत होतं.

ती वेळ आली. कोरियन लोकांचा पौर्णिमेचा एक मोठा सण असतो. त्या वर्षी तो त्यांनी सगळ्यांना बोलावून करायचं ठरवलं आणि कॅम्पच्या डॉक्टरांनी त्याला रक्तदानाची जोड दिली. मी मराठी मंडळाचा सचिव, त्यामुळे आपली माणसं जमवणं माझ्याकडे आलं. माणसं जमली, पण रक्त म्हटलं की जो तो आकाशाकडे बघायचा. मामांनी तर साफ सांगितलं, "ह्यो दुधा-तुपाचा खुराक हाय, जावईबापू. नळाचं पाणी न्हवं." मग गर्दी खेचायला डॉक्टरांनी कुस्ती सुचवली. कोरियन लोकांची कुस्तीही वाळूतच असते, कमरेला आणि मांडीला कापडाचा पट्टा बांधून, एकमेकांचा पट्टा धरून सुरू होते. मामांचा हौदा आणि समोर वेल्डर. मामा आठवडाभर हवेत होते.

आदल्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे चहाला आले आणि त्यांनी मला नियम सांगितला. गुडघा किंवा त्याच्या वरचं काहीही वाळूला लागलं, अगदी हाताचा तळवा जरी टेकला, की कुस्ती संपली. "हे तुमच्या मामांना नक्की सांगा," असंही म्हणाले. मी "यस, यस" म्हणालो. माझ्यापुढे स्वागताच्या भाषणाचे कागद होते आणि ‘आरोग्याला सीमा नसते’ या वाक्यावर टाळ्या घ्यायला किती थांबावं, या विवंचनेत मी होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भिंतीपलीकडच्या तंबूत रक्तदानाच्या खाटा मांडल्या होत्या आणि त्यांवर कुणीही नव्हतं. हौद्याभोवती मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. कोरियन ढोल आणि घंटा असे घुमत होते की मामांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी वाळू कपाळाला लावली, हात मिळवला, शड्डू ठोकला, "यल्ला." क्षणात वेल्डरने त्यांना पोटावर उचललं आणि कुशीवर टाकलं. कोरियन लोकांच्या हिशेबी तो जिंकला होता. तो हसला, पट्टा सोडला आणि मित्राला उठवायला त्याने हात पुढे केला. खलास म्हणालाही असेल, पण ढोलांपुढे कुणाला ऐकू येणार? मामांच्या हिशेबी पाठ लागली नव्हती, म्हणजे कुस्ती चालू होती, आणि पुढे आलेला हात म्हणजे डाव होता. त्यांनी तो हात धरला आणि वेल्डरला खांद्यावरून असा फेकला की तो दोन्ही खांद्यांवर चितपट.

मामांनी हात उंचावले. ढोल थांबले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "उठवायला आलेल्याला पाडलं. हा कसला पैलवान?" डॉक्टरांनी मामांना खुणेने आणि हिंदीच्या चार शब्दांत नियम समजावला. मामांचे हात हळूहळू खाली आले. ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, ह्ये तुम्हांस्नी ठावं होतं?"

"नाही हो मामा," मी म्हणालो. भाषणाचे कागद अजून माझ्या हातात होते.

वेल्डर तोंडातली वाळू थुंकत खदाखदा हसत होता, पण मामांना ते दिसत नव्हतं. ते तडक तंबूत गेले आणि पहिल्या खाटेवर आडवे झाले. "बेसावधाला हात लागला. भरपाई करायला पायजे," म्हणाले. सुईवाली नर्स त्यांच्याच बसमधली होती. तिच्याशी हात मिळवायला त्यांनी हात उचलला आणि अर्ध्यावर थांबून नमस्कार केला. वेल्डर शेजारच्या खाटेवर आला, त्याच्यामागून त्याचे सोबती, मग आपली मंडळी. अंधार पडेपर्यंत रांग संपली नाही. आभार मानताना मी म्हणालो की स्वागतपर भाषणाने सर्वांना प्रेरणा मिळाली.

त्यानंतर बहारीनमध्ये मी हा किस्सा शेकडो वेळा रंगवून सांगितला. गणपतीत तर फर्माईश व्हायची. माझी नक्कल इतकी हुबेहूब की ‘मामांना हात देऊ नका’ हे आमच्यात म्हणायची पद्धतच पडली. मामा पुढच्या रांगेत बसून हसत. त्या दिवसापासून त्यांनी कुणाशी हात मिळवला नाही, नुसते हात जोडत. तेही मी नकलेत घेतलं होतं.

नोकरी संपल्यावर मामांनी गावी तालीम काढली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका सुट्टीत मी तिथे गेलो. हौद्यात दोन पोरं समोरासमोर उभी राहिली, हात मिळवले आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "काय झालं म्हंजी तू हरलास समजायचं?" दुसऱ्याने सांगितलं, मग पहिल्याने सांगितलं, आणि मग शड्डू वाजले. मी चकित होऊन विचारलं तर एक पोरगा म्हणाला, ही फार जुनी रीत आहे, पूर्वापार चालत आलेली. मामा बाकावर दूध पीत होते. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मिशीत हसत म्हणाले, "बोला जावईबापू. तुमचं काय झालं म्हंजी हरलात समजायचं?"

मी हसलो आणि दूध छान आहे म्हणालो. मामा आता नाहीत. नियम मला ठाऊक होता, मामा. त्या दिवशी हौद्यात हरलेला माणूस कागद हातात घेऊन कडेला उभा होता.