विचारू का वहिनी

आमची वहिनी 'विचारू का' म्हटल्याशिवाय तोंडच उघडायची नाही. "विचारू का, नळाला पाणी आलंय, भरू का?" "विचारू का, दूध वर आलंय, उतरवू का?" आई घरात असली तर आईला, आई नसली तर मला. मी शाळेत जाणारी पोरगी, मला काय कळणार दुधातलं? पण तिला कुणाचा तरी 'हो' लागायचा. महत्त्वाचं सगळं दादासाठी राखून ठेवलेलं असायचं. तो ड्युटीवरून येऊन हातपाय धूत असला की ही टॉवेल घेऊन उभी, आणि दिवसभर साठवलेले प्रश्न एकेक करून काढायची.

सातपूरच्या आमच्या कॉलनीत सगळी कारखान्यांत काम करणारी माणसं. भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे सगळ्यांचं सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. बायकांनी तिचं नावच 'विचारू का वहिनी' पाडलं होतं. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "हिला शिंक आली ना, तरी नवऱ्याची पाळी सुटायची वाट बघंल." यावर वहिनीही हसायची.

ती मुळात अशी नव्हती. तिचं माहेर विंचूरजवळच्या एका खेड्यात. सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाआधी बाप आजारी असला तर एकटी कांद्याची बैलगाडी घेऊन विंचूरच्या बाजारात जायची, भाव पटला नाही तर गाडी परत फिरवायची. हे तिच्या आईनेच आम्हाला सांगितलं होतं, जरा लाजत. मुलीच्या सासरी सांगण्यासारखी ती गोष्ट नाही असं त्या बाईला वाटत असावं.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ती कुणालाही न सांगता नाशिकरोडला मावशीकडे गेली. येताना भलत्याच बसमध्ये बसली आणि दिवे लागल्यावर घरी पोचली. दादा रस्त्यावर उभा होता, घाबरलेला. त्याने हात उचलला नाही. तो कधीच उचलायचा नाही. फक्त म्हणाला, "तुला काय कळतं इथलं? यापुढं मला विचारल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही." वहिनी "बरं" म्हणाली. ते 'बरं' तिने पाळलं. घराबाहेरच्या पावलापासून ते घरातल्या मिठापर्यंत कधी पसरत आलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आईला तर ते आवडायचंच. "सून विचारून करती," असं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

दादा वाईट माणूस होता, असं कुणी समजू नये. पगार झाला की तो तिच्यासाठी भेळ आणायचा. बुद्धजयंतीला पांढरी साडी स्वतः निवडून आणायचा. तिला काही विचारायचं राहून गेलं असेल तर "आज काही नाही का?" म्हणून चिडवायचा.

त्यांची पहिली मुलगी सुजाता. वर्षाची व्हायची होती. त्या उन्हाळ्यात एक दिवस तिला सकाळपासून उलट्या-जुलाब सुरू झाले. आई गावी लग्नाला गेली होती, मी शाळेत परीक्षेला. वहिनीने पोरीला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ते पोटात राहिना. शांताबाई म्हणाल्या, "अगं, बस धर आणि मोठ्या दवाखान्यात ने." वहिनी म्हणाली, "यांना विचारून येते." पोरीला पदरात गुंडाळून ती दादाच्या कारखान्याच्या गेटावर गेली. वॉचमन म्हणाला, मधली सुट्टी झाल्याशिवाय आतल्या माणसाला बाहेर सोडत नाहीत, निरोप पाठवतो. निरोप गेला, पण दादाच्या हातात तो उशिरा पडला. वहिनी गेटासमोर लिंबाच्या सावलीत उभी राहिली. दवाखान्याकडे जाणाऱ्या बसचा थांबा तिथेच होता. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. दादा धावत बाहेर आला, त्याने एका टेम्पोवाल्याला हात केला. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी घरी आले तर ओट्यावर माणसं बसलेली. वहिनी आत भिंतीला टेकून. दादा तिच्यासमोर उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मला विचारायला कशाला आलीस?"

त्यानंतर आमच्या घरात सुजाताचं नाव कुणी घेतलं नाही. ठरवून नव्हे. पाळणा माळ्यावर गेला. आई म्हणाली, "होतं असं. दुसरं होईल." पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी वहिनी चुलीपाशी बसून म्हणाली, "विचारू का, आज वांगी करू की मेथी?" सगळ्यांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. घर पूर्वीसारखं झालं असं वाटलं.

पुढे प्रज्ञा झाली. आणीबाणी उठली होती, मी कॉलेजला जाऊ लागले होते. त्या सुमाराला नाशिकच्या एका थिएटरात एक विनोदी सिनेमा लागला आणि कॉलनीतल्या बायकांनी तो डोक्यावर घेतला. दुपारच्या खेळाला झुंडीने जायच्या. शांताबाई वहिनीला म्हणाल्या, "तू तर बघच. तुझाच शिनेमा हाय." वहिनीने दादाला विचारलं. दादा म्हणाला, "जा की. पण शांताबाईंबरोबरच जा." प्रज्ञाला घेऊन आम्ही तिघी गेलो.

सिनेमातला नवरा बँकेत कारकून. बायकोला उठताबसता म्हणायचा, "तुला काय कळतं? मला विचारत जा." एक दिवस परसात बायकोच्या डोक्यावर नारळ पडतो आणि तेव्हापासून ती खरोखरच सगळं विचारू लागते. दार उघडू का? सासूबाई हाका मारतात, ओ देऊ का? नवरा आधी खूश, मग हैराण. एकदा बँकेत मोठे साहेब आलेले असतात, सगळे हात बांधून उभे, आणि ही धापा टाकत आत शिरते. "अहो, दूध उतू चाललंय, गॅस बंद करू का?"

थिएटर हसून फुटायची वेळ आली. पुढच्या बाकांवर पोरं शिट्ट्या मारत होती. शांताबाई डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. हसता हसता वहिनीकडे बघितलं. ती प्रज्ञाला छातीशी धरून बसली होती. हसत नव्हती, रडतही नव्हती. पडद्यावर ती बाई बँकेच्या दारात उभी होती आणि वहिनी तिच्याकडे बघत होती. मग मलाही हसू येईना. तोपर्यंत मला त्या गेटाची आठवणसुद्धा झाली नव्हती.

शेवटी सिनेमात कळतं, की बायकोच्या डोक्याला काहीच झालेलं नव्हतं. नारळ बाजूलाच पडला होता. ती सगळं मुद्दाम करत होती, नवऱ्याची जिरवायला. नवरा कान पकडतो, ती हसते, दोघं झोपाळ्यावर बसतात, आणि ती चहा करायला आत जाते.

बसस्टॉपवर त्याच खेळाला आलेल्या कॉलनीतल्या बायका भेटल्या, चर्चा रंगली. शांताबाई म्हणाल्या, "अशीच जिरवाया पायजे. बोलायचं काय नाय, नुसतं ऐकत जायचं. त्यांचं त्यांनाच जड झालं पायजे." कॉलनीतली एक नवी सून म्हणाली, "पण शेवटी चहा तिनंच केला ना?" त्यावरही सगळ्या हसल्या. तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं. नंतर कॉलेजात बायकांच्या हक्कांवर भाषणं ऐकली, पुस्तकं वाचली. त्यात बसस्टॉपवरच्या त्या दोन वाक्यांपेक्षा वेगळं फारसं सापडलं नाही.

बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "ती मुद्दाम करत व्हती."

मी म्हटलं, "हो ना. शेवटपर्यंत कळलंच नाही."

"तिला सगळं येत व्हतं." मग म्हणाली, "मलाबी येत व्हतं, कुसुम."

मी तिचा हात धरायला हवा होता, असं काही आता वाटत नाही. ती हात धरू देण्यासारखी बसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा हातपाय धुवायला बसला. वहिनीने टॉवेल दिला आणि आत निघून गेली. दादाने हातपाय पुसले. मग म्हणाला, "आज काही नाही का?"

"काय नाय," वहिनी आतून म्हणाली. "जेवायला या. वांगी केलीत."

एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. तिने विचारणं बंद केलं. पाणी आलं की भरायची, दूध वर आलं की उतरवायची. घर जसं चालायचं तसंच चाललं होतं, पण आईला ते सहन होईना. "शिनेमा बघून उर्मट झाली," ती म्हणाली. दादाने पुन्हा सिनेमाला जायचं नाही म्हणून सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं. ती परत कधी सिनेमाला गेली नाही, पण तो काही त्याच्या सांगण्याचा परिणाम नव्हता. तिला जायचंच नव्हतं.

काही महिन्यांनी एक दिवस दादा घरी आला तर दाराला कुलूप. आई मंडईत, मी कॉलेजात. तो ओट्यावर बसून राहिला. मी आले, पाठोपाठ आई आली, मग प्रज्ञाचा हात धरून वहिनी. कॉलनीच्या टोकाला नवी बालवाडी निघाली होती. तिने तिथे प्रज्ञाचं नाव घातलं होतं आणि स्वतःही मदतनीस म्हणून राहिली होती. उद्यापासून कामावर.

"कुणाला विचारून?" दादाने विचारलं.

"कुणाला नाय."

"घरात माणसं आहेत की नाहीत? एका शब्दानं विचारता येत नव्हतं?"

वहिनी कुलूप काढत होती. तिने मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "एकदा विचारलं व्हतं. गेटावर उभं राहून."

आई पिशवी घेऊन आत गेली. शांताबाईंच्या घरात रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. मला आठवतं, दादा त्या संध्याकाळी जेवला, पोरीला मांडीवर घेतलं, दुसऱ्या दिवशी वेळेवर ड्युटीवर गेला. घरात आरडाओरडा झाला असता तर आम्हाला निदान काहीतरी झालं असं वाटलं असतं.

पाच-सहा वर्षं तशीच गेली. माझं लग्न झालं. आई वारली. वहिनी बालवाडीत राहिली आणि मध्ये बाहेरून दहावीला बसून पास झाली. मग घाटाकडच्या पेठ गावात एका मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती, तिथे तिची निवड झाली. राहायला एक खोली, प्रज्ञाची शाळाही तिथेच. नवरा-बायकोत ठरलं कसं, मला माहीत नाही. ठरलं नसावंच. तिने सांगितलं असेल, त्याने ऐकलं असेल.

मी स्टँडवर पोचवायला गेले होते. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. दादाने पेटी टपावर चढवली. प्रज्ञा खिडकीत बसली. दादा खाली उभा राहून म्हणाला, "तिकडं पाऊस फार असतो. छत्री घेतलीस का?"

"घेतलीय," वहिनी म्हणाली.

"दोघींना एक पुरायची नाही."

तो गेला आणि समोरच्या दुकानातून दुसरी छत्री घेऊन आला, खिडकीतून आत दिली. बस निघाली. मला वाटत होतं, आपण आता रडू. रडू आलं नाही. दादा म्हणाला, "चल, तुला रिक्षा बघून देतो."

लोक म्हणाले, बाईने नवरा टाकला. तसं नव्हतं. आठवड्याच्या सुट्टीला दादा सकाळची एस.टी. धरून पेठला जायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. पावसाळ्यात घाट बंद नसेल तर तेव्हाही. मी एकदा विचारलं, "काय बोलता रे?" तो म्हणाला, "काही नाही. ती काम करते. मी बसतो."

एकदा मीही त्याच्याबरोबर गेले. तोवर दादाचे केस पांढरे व्हायला लागले होते. वसतिगृह म्हणजे एक लांबच लांब पडवी आणि मागे खोल्या. डोंगरपाड्यांवरच्या मुली, कुणी भाजी निवडत होत्या, कुणी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. वहिनी त्यांच्यामधून फिरत होती. "ए, ते दप्तर उचल." "तुझा ताप बघू." मुली तिला 'बाई' म्हणत. तिला आणखी कुठलं नाव होतं हे तिथे कुणाला माहीतही नव्हतं. तिने आम्हाला जेवायला वाढलं, स्वतःचंही ताट घेतलं आणि आमच्याबरोबरच बसली.

जेवण झाल्यावर आम्ही पडवीत बसलो. शाळा सुरू व्हायचे दिवस. मोठ्या मुली नव्या वह्यांना कागद चढवत बसल्या होत्या. त्यातली एक उठून प्रज्ञापाशी गेली आणि तिच्या वहीचा कोपरा दुमडून देऊ लागली. दादा त्या मोठ्या मुलीकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "सुजाता यंदा दहावीला असती."

इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"नववीला," ती म्हणाली. "जूनच्या शेवटाचा जन्म. शाळेत एक वरीस उशिरा घेतलं असतं तिला."

दादा म्हणाला, "हां. नववीला."

तिने सूप जरा त्याच्या बाजूला सरकवलं. तोही खडे काढू लागला.