रिकाम्या मोंढ्यातली फ्रेंच

आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. हैदराबादच्या विद्यापीठात फ्रेंचची तोंडी परीक्षा चालली होती आणि माझी मुलगी दोन परीक्षकांसमोर बसली होती. सुट्टी लागणार म्हणून मी तिला न्यायला गेले होते, दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. सुरुवातीला तिचा आवाज नीट ऐकू आला. मग परीक्षकाने काहीतरी विचारलं आणि ती गप्प झाली ती झालीच. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता चालायला लागली.

ती नापास झाली. महिन्याभराने एकदा परत बसू देणार होते. तेव्हाही नाही जमलं तर विद्यापीठातली जागा जाणार होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मुलगी नांदेडच्या कॉलेजात असताना तिथल्या एका मॅडमनी हौसेने दोन-चार पोरींना फ्रेंच शिकवली आणि हिला तिची गोडी लागली. उपयोग काय, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, मला आवडतं. आमच्या घरात आवडतं म्हणून कुणी काही केलं नव्हतं. मी हैदराबादला जा म्हटलं.

तिला उदगीरला घेऊन आले. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. लातूर जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांवर नवे बोर्ड लागले होते, पाणी मात्र जुन्याच टँकरने येत होतं. मी मोंढ्यात, धान्याच्या घाऊक बाजारात, धान्य चाळायला जायची, नवरा तिथेच हमाल. त्या वर्षी मोंढ्यात मालच आला नाही. तरी हमाल सवयीने येऊन शेडमध्ये बसायचे.

घरी मुलगी पुस्तक तोंडाशी धरून पुटपुटायची. चार दिवस बघितलं आणि तिला शेडमध्ये नेलं. एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला तिला उभं केलं. मला ऐकू आलं पाहिजे, एवढंच सांगितलं.

"माय, तुला त्यातलं काय कळणार?"

"बोली न्हाई कळणार. अडखळलीस की कळंल."

पाढे म्हणावेत तसं तिने पुस्तक म्हणून दाखवलं. पत्र्याखाली आवाज घुमायचा. आठवडाभरात कुठे अडखळेना. मला वाटलं, काम झालं.

तेवढ्यात एक म्हातारा हमाल म्हणाला, "पोरी, लई ग्वाड लागतंय, पण त्यात चाललंय काय?"

ती गप्प झाली. दाराबाहेर ऐकलं होतं तसंच गप्प. मी उठून तिच्याजवळ गेले आणि परीक्षकाने नेमकं काय विचारलं होतं ते विचारलं.

"गोष्टीतली बाई बरोबर वागली का, तुला काय वाटतं, म्हणाले."

"मग?"

"मला काय वाटतं ते पुस्तकात नव्हतं."

तिला पाठांतरच माहीत होतं. आमच्या शाळांनी तेवढंच शिकवलं होतं, आणि आठवडाभर मीही तेच करून घेतलं होतं. मी हमालांना सांगितलं, हिला आता सलग बोलू द्यायचं नाही, दर दोन वाक्यांनी अडवायचं. त्यांना दुसरं काम नव्हतंच.

गोष्ट अशी होती. नदीवर एक बाई होडी चालवायची. सरकारने पूल बांधला. होडीत कुणी बसेना, तेव्हा एके दिवशी तिने होडी काठावर ओढली आणि जाळली. म्हातारा हमाल भडकला. लाकूड विकायचं सोडून जाळलं, म्हणजे बाई बिनडोक, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याने त्याला विचारलं, तुझा हूक कुणाला विकशील का? पोत्यात अडकवायचा हूक तो, प्रत्येक हमालाचा आपापला. म्हाताऱ्याने हूक मांडीखाली सरकवला. सगळे हसले. मुलीने प्रत्येकाला आधी फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचं, मग मराठीत. पहिले दोन दिवस ती रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यावर ओरडली, तेही फ्रेंचमध्ये. तिचा बाप कधी बोलायचा नाही. तो एकदाच बोलला, "पूल बांधायच्या आधी तिला इचारायला पाहिजे होतं."

महिन्याने मी परत त्याच बाकावर बसले. या वेळी तिचा आवाज जिन्यापर्यंत जात होता. शिपाई डोकावून गेला. आतून प्रश्न आला आणि ती थांबली. मी पदर मुठीत धरला. मग ती बोलायला लागली. परीक्षक मध्ये बोलले, तिने त्यांना उत्तर दिलं. ते पुन्हा बोलले, तिने पुन्हा दिलं. आत कुणीतरी हसलं.

बाहेर येऊन म्हणाली, "हळू बोल म्हणाले मला."

"इचारलं काय?"

"तेच. आधी म्हाताऱ्या काकांचं म्हणणं सांगितलं, मग बाबांचं. मग माझं."

"तुझं काय?"

"होडी तिची होती."

ती पास झाली. तोंडी परीक्षेत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिला मिळाले. मी मोंढ्यात जाऊन शेडच्या मधोमध उभी राहून ते सांगितलं. म्हातारा हमाल म्हणाला, "म्हंजे मी पास झालो, वहिनी." त्याने आयुष्यभर तेच सांगितलं आणि मी कधी खोडलं नाही.

पुढे मुलीने नांदेडला कितीतरी वर्षं फ्रेंच शिकवली. तिच्या वर्गात मागच्या बाकापासून प्रश्न सुरू व्हायचे.

त्या उन्हाळ्यात शेडमध्ये आम्ही नऊ जण होतो. म्हातारा गेला, मुलीचा बाप गेला, बाकीचे हमालही एकेक करून गेले. मी आहे आणि मुलगी आहे.